फट राखिल्याची कैफियत

राजमान्य राजश्री, अखंडधूम्रमंडित कारखान्याचे धनी, मालकसाहेब यांचे हुजुरास दफ्तरी कारकुनाची विज्ञापना ऐसीजे. टायटॅनियम व पोलाद या दोन हट्टी धातूंचा मिलाफ कैसा जाहला, हे सविस्तर ल्याहावे म्हणोन आज्ञा जाहली. त्यास, डोळ्यांनी देखिले ते लिहिले, आणि न देखिले ते कॅन्टिनात दोन चहा पिऊन तपासोन घेतले. तिखटमीठ किंचित लागले असेल, तो सेवकाचा स्वभाव, माफी असावी.

मूळ प्रसंग ऐसा. जाड पोलादावर टायटॅनियमचा पातळ पत्रा कायमचा बसवावा आणि त्याची आम्लाची टाकी करावी, ऐसा मनसुबा. परंतु उभयतांस वितळवोन एक करावे तर सांधा बिस्किटासारखा मोडावा. मग इंजिनिअर बाईसाहेबांणी मसलत काढिली की, आगीने ऐकत नाहीत तर धमाक्याने वळवावे. खाली पोलाद, वर टायटॅनियम, मध्ये चार कोपऱ्यांस चार चकत्या ठेवोन बारीक फट राखावी, वर स्फोटक भुकटी एकसारखी पसरावी आणि एके कडेने बार उडवावा. मग वरचा पत्रा त्या फटीतून धावोन खालच्यावर आदळतो, आणि आदळता दोहींच्या अंगचा मळ पिचकारीसारखा बाहेर उडतो, आणि निर्मळ धातू निर्मळ धातूस मिठी मारितो ती सुटत नाही.

या विद्येपायी बाईसाहेबांणी चार वर्षे घातली. मात्र हुजूरचे फर्मान कडक होते की, पत्रे तीनच दिल्हे. तिसराही वाया गेला तर स्फोटाचे मैदान बंद करावे आणि बाईसाहेबांणी निविदांचे टेबलावर जाऊन बसावे. पैकी दोन पत्रे खर्ची पडले होते. धमाका जाहला, धूर जाहला, आणि जवळ जाऊन पाहावे तो दोघे धातू परक्यासारखे अलग पडलेले. बाईसाहेबांणी भुकटी बदलिली, गणित सात वेळा फिरविले, आणि त्यांस अन्न गोड लागेना.

मंगळवारी दोन प्रहरी तिसरी मोहीम निघाली. बिनीस क्रेनवाले, पिछाडीस दारूकोठीचे रखवालदार, आणि मध्यभागी सर्वांचे वडील फिटरकाका. काकांणी अडतीस वर्षे सांधे जुळविले. दोन पत्र्यांत फट दिसली की ती बुजविल्याविना त्यांस चैन न पडावे. बाईसाहेबांस ते पोटची लेक मानीत. पत्रे रचले, चकत्या लाविल्या, बाईसाहेबांणी खासा तपासिले आणि भुकटी आणावयास कोठीवर गेल्या. परतल्या तो काकांणी, भुकटी सांडो नये म्हणोन, भोवती पुठ्ठ्याची चौकट चोख चिकटविली होती. मग भुकटी पसरिली, बत्ती जोडिली, सायरन जाहला आणि समस्त फौज मातीच्या बांधाआडील खोलीत शिरली.

बाईसाहेबांणी किल्ली यंत्रात घातली, काढिली, पुसोन पुन्हा घातली. ते पाहोन काकांचे काळीज तुटले. त्यांणी खिशातून चार चकत्या काढोन पुढे धरिल्या.

"घाबरू नकोस पोरी. तू घाईत ह्या आत विसरतेस. तीनही वेळा मीच काढल्या. एकदम घट्ट बसवून मगच चौकट चिकटवली बघ."

क्रेनवाल्यांणी जांभई अर्ध्यात गिळिली. बाईसाहेबांणी किल्ली काढोन खिशात टाकिली.

"काका, फट हवीच होती. धावायला जागा नसेल तर वरचा पत्रा आदळणार कसा?"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली."

"मान काय, मी सगळ्यांनाच डोलावतो."

काकांचा चेहरा पडला. दोन पत्र्यांचा घात आपल्या मायेने जाहला हे उमजोन ते खालीच बसले. बाईसाहेबांस राग बहुत आला. परंतु त्या हातांइतका नेमका हात साऱ्या कारखान्यात नव्हता. मग हुकूम जाहला की, ज्या हातांणी काढिल्या त्याच हातांणी लावाव्या. आधी बत्ती सोडविली, भुकटी उतरविली, आणि मग काकांणी चकत्या बसविल्या. घराचे दार सताड टाकोन गावास निघावे तैसा जीव खालीवर होत होता, तरी फट चहूकडे केसाच्याही फरकाविना एकसारखी राखिली.

पुन्हा सारे बांधाआड गेले. किल्ली फिरली. ऐसा दणका जाहला की कॅन्टिनातील समस्त बश्या वाजल्या आणि मुख्य कारकून फायलीसह टेबलाखाली दाखल जाहले. धूर विरला, आणि पाहतात तो पत्रा एकच! ध्वनियंत्राने इंच इंच तपासिला, पोकळी सापडेना. कड कापिली, तो आत दोन धातू लाटांसारखे एकमेकांत शिरलेले. काकांणी छिन्नी लावोन दहा घाव घातिले. छिन्नीची धार वळली, सांधा हालला नाही.

या कारखान्याचा रिवाज ऐसा की, सांधा जोडणाराने आपला दफ्तरी नोंदलेला अंक शेजारी ठोकावा. इंजिनिअरांस अंक नसतो, म्हणोन सर्वांणी काकांस पुढे केले. काकांणी हातोडा आणि पुढील रिकाम्या अंकाचा ठसा बाईसाहेबांचे हाती दिल्हा.

"हा माझा नाही. मी तर दोनदा बिघडवला. तू ठोक."

पहिला घाव तिरका पडला. काका म्हणाले, राहू दे, ओळखू येईल. आणि उभयतांचे डोळे भरले, ते धुराने नव्हे, हे सेवक जबाबदारीने लिहितो.

सबब फत्ते जाहली, मैदान कायम राहिले, आणि सांधणारांचे दफ्तरी नवी नोंद घातली ती ऐसी: अंक सत्तेचाळीस, इंजिनिअर बाईसाहेब. सांधा फुटल्यास जबाब यांस पुसावा.