चूक दाखवा, पेढा मिळवा

रुचिता धुरीने पेढा मागितला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साठ्यांच्या दिवाणखान्यात बावीस माणसं होती.

"काका, सापडली चूक," ती म्हणाली. "हा सुदेश तुम्ही चुकीच्या फलाटावर उभा केलाय."

आनंद साठ्यांनी हातातला स्विच खाली ठेवला. बारा डब्यांची गाडी आपल्या गतीने फ्रिजच्या दिशेने जात राहिली.

साठ्यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोर दिसणारं कोपर स्टेशन घरात बांधायला घेतलं. त्याला दोन वर्षं आठ महिने लागले. सगळं स्टेशन खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. तरी फलाट तीन मीटर भरला. सोफा बेडरूममध्ये गेला, जेवणाचं टेबल मेहुण्याकडे गेलं, फ्रिजपाशी दिवा स्टेशन आणि चपलांच्या कपाटापाशी डोंबिवली आली. यंदा गणपती बसवायला एकच कोपरा उरला होता, तो तिकीटखिडकीच्या मागचा.

"लोकांना वाटेल बाप्पा तिकिटं फाडतोय," नीलाबाई म्हणाल्या होत्या.

"आरास म्हणून बघ ना तिच्याकडे."

"बघतेच आहे. दोन वर्षं आठ महिने."

पण माणसं येत होती ती गाडीसाठी नव्हे. साठ्यांनी इमारतीतली त्रेचाळीस माणसं एम-सीलची करून फलाटावर उभी केली होती. बोटाच्या पेराएवढी, पण ज्याची त्याला ओळखू येतील अशी. आणि जो तो रोज जिथे उभा राहतो तिथेच. त्यासाठी दुर्बीण होती आणि एक लांबलचक वही होती. वहीत चार रकाने: नाव, तारीख, वेळ, जागा. माणूस कुठे उभा राहतो एवढंच त्यांचं काम. का उभा राहतो याला वहीत रकाना नव्हता.

दारात त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लावली होती: 'चूक दाखवा, पेढा मिळवा.' चतुर्थीपासून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत शंभरेक माणसं येऊन गेली होती. पेढ्यांचा डबा भरलेला होता.

"कुठली चूक?" साठ्यांनी विचारलं.

"हा बघा. निळा शर्ट, खांद्याला बॅग. हा कल्याणकडच्या फलाटावर आहे. त्याचं ऑफिस परळला ना काका. तो कल्याणच्या गाडीला कशाला जाईल?"

तिचा नवरा सुदेश तिच्या मागेच उभा होता, हातात खिरापतीची वाटी घेऊन. चाळिशीचा, नीटनेटका, निळ्याच शर्टातला.

"चूक नाही ती," साठ्ये म्हणाले.

"अहो, जाऊ द्या ना, एक पेढा द्या तिला," नीलाबाई आतून म्हणाल्या.

"पेढ्याचा प्रश्न नाही गं. नोंद आहे." त्यांनी कपाटावरून वही काढली, चष्मा लावला आणि स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली. "धुरी सुदेश. नऊ मेपर्यंत मुंबईकडचा फलाट, पुलाच्या जिन्यापासून तिसरा खांब. बारा मेपासून कल्याणकडचा फलाट, आठ वाजून चार मिनिटं. तेरा मे, तेच. चौदा मे, तेच. पंधरा मे, पाऊस, छत्रीखाली, तेच. सोळा..."

गाडी फ्रिजला जाऊन धडकली.

साठ्यांनी मान वर केली. सगळी खोली सुदेशकडे बघत होती. सुदेशने वाटी टीपॉयवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते साठ्यांना सांगता आलं नसतं, पण ते पाहिल्यावर वहीतल्या चार रकान्यांचा अर्थ त्यांना साडेतीन महिन्यांनी एकदम लागला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन हा माणूस ऑफिसला निघतो. आणि ऑफिसच उरलेलं नाही. हे घरी माहीत नाही. आणि आपण ते आत्ता गणपतीसमोर, तारीखवार, वाचून दाखवलं.

त्यांनी वही मिटली.

"चुकलं," ते म्हणाले. "वाचताना ओळ चुकली. हे वेगळ्याच माणसाचं आहे. रुचिता, तुझं बरोबर आहे." त्यांनी चिमट्याने निळा शर्ट उचलला आणि मुंबईकडच्या फलाटावर, जिन्यापासून तिसऱ्या खांबाशी ठेवला. "घे पेढा."

रुचिताने पेढा घेतला. खाल्ला मात्र नाही.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण तळमजल्यावरच्या मालनताई जगदाळे मघापासून फलाटावरच्या स्वतःकडे बघत होत्या.

"म्हंजे चुकतं तुमचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलेलंच. मी काय एवढी रुंद हाय का हो?"

साठ्यांनी तोंड उघडलं. मालनताईंची रुंदी त्यांनी जिन्याच्या कठड्याशी ताडून घेतली होती. पण मालनताईंच्या बाबतीत वही बरोबर असेल, तर ती सुदेशच्या बाबतीत चुकली कशी? सुदेश अजून दारापाशी उभा होता.

"नाही," साठ्ये म्हणाले. "चुकून झालंय. बारीक करतो." कानशीने त्यांनी मालनताईंना दोन्ही बाजूंनी घासलं आणि पेढा दिला.

"मग माझं पण बघा की, साठ्येसाहेब," महिपतराव जगदाळे पुढे झाले. "मला बाकावर झोपवलंय तुम्ही. मी कधी झोपतो स्टेशनवर?"

सकाळी अकरा ते बारा, एकूण तेवीस वेळा, दोनदा तोंड उघडं. "नाही झोपत," साठ्ये म्हणाले.

"बसतो फक्त."

"बसता फक्त."

"जाग्या माणसाला आडवं करायचं म्हंजे काय," महिपतराव पेढा तोंडात टाकत सगळ्यांना म्हणाले.

मग रांग लागली. योगिनी नावाची दुसऱ्या मजल्यावरची मुलगी वडिलांसोबत आली होती. ती घाईने म्हणाली, "काका, माझ्या बाजूला हा हेल्मेटवाला कोण उभाय? मी तर एकटीच असते." साठ्यांनी वडिलांकडे पाहिलं, योगिनीकडे पाहिलं, हेल्मेटवाला उपटला आणि खिशात टाकला. एक गृहस्थ म्हणाले, इंडिकेटर एवढा वाकडा नाहीये. तो खरोखरच एवढा वाकडा होता. साठ्यांनी सरळ केला. कोणी म्हणालं, पुलाला बेचाळीस पायऱ्या आहेत, चव्वेचाळीस नव्हेत. साठ्यांनी त्या तीनदा मोजल्या होत्या, एकदा पावसात. त्यांनी ब्लेड घेऊन दोन पायऱ्या कापून काढल्या. जिना फलाटापासून चार मिलिमीटर वर, हवेत लटकत राहिला.

"पेढे संपले," नीलाबाई हळूच म्हणाल्या.

"साखरफुटाणे दे."

"अहो, पण तुम्ही बरोबर होतात ना सगळीकडे?"

"साखरफुटाणे दे, नीला."

पावणेआठच्या आरतीपर्यंत कोपर स्टेशन कोणाच्याही ओळखीचं राहिलं नव्हतं. सगळी माणसं सडपातळ होती, जागी होती, एकटी होती आणि वेळेवर होती. खाली उतरता येणार नाही अशा पुलाखाली सरळ केलेला इंडिकेटर शून्य मिनिटं दाखवत होता. माणसं खूश होऊन गेली. महिपतराव जाताना म्हणाले, "आता कसं, खरं वाटतं." सुदेश आरतीच्या आधीच निघून गेला होता.

साठ्ये रुळांपाशी स्टुलावर बसून राहिले. दोन वर्षं आठ महिने गेले होते, पण एका माणसाचं घर वाचलं होतं. हा हिशेब त्यांना पटत होता, तरी बघवत नव्हतं.

सव्वाआठला रुचिता परत आली. हातात तोच पेढा, कागदात गुंडाळलेला.

"काका, हा ठेवा. वही बघू जरा."

"अगं, वहीत काही नाही. ती चुकीची..."

"काका."

त्यांनी वही दिली. तिने बारा मेची ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं.

"मला दहा मेलाच कळलं," ती म्हणाली. "त्याच्या ऑफिसातल्या प्रशांतचा फोन आला. वहिनी, सुदेशचा डबा इथेच राहिलाय, टेबल रिकामं करताना सापडला, कोणाला तरी पाठवा. मी म्हटलं, बरं. दुसरा डबा घेऊन आले. बाराला त्यात भरून दिलं. त्याने विचारलं नाही हा नवीन कुठून आला. मीपण नाही विचारलं. त्याला वाटत असेल, हिच्या लक्षात नाही. तेव्हापासून रोज देते."

नीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले आणि पुसतच राहिल्या.

"मग आज तू सगळ्यांसमोर..." साठ्ये म्हणाले.

"ठरवून नाही हो. त्याला तिथे उभा बघितला आणि वाटलं, चला, कोणीतरी सांगितलं एकदाचं. तोंडातून निघून गेलं. घरात विचारलं असतं तर काहीतरी थाप मारली असती त्याने, आणि मग ती सांभाळत बसावी लागली असती, त्याला आणि मलापण. तुम्ही वाचत होतात तेव्हा त्याने वाटी खाली ठेवली, बघितलंत ना? बोलणार होता तो काका. साडेतीन महिन्यांनी बोलणार होता. आणि तुम्ही म्हणालात, चुकलं."

साठ्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"इमारतीत एक माणूस आहे जो कधी खोटं बोलत नाही," रुचिता म्हणाली. "आणि बोलला तो नेमका आजच." तिचा आवाज चढला नव्हता. तिने वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साठ्ये गॅलरीत उभे राहिले. आठ वाजून दोन मिनिटांनी सुदेश पुलावरून आला. तो कल्याणकडे वळला नाही. मुंबईकडच्या फलाटावर गेला आणि जिन्यापासून तिसऱ्या खांबाशी उभा राहिला, काल चिमट्याने ठेवला होता अगदी तिथेच. आठ चारला मुंबईची गाडी आली आणि त्याला तिथेच सोडून गेली. मग आठ अकराची गेली. मग आठ एकोणीसची.

"कुठे निघालात?" नीलाबाईंनी विचारलं.

"दुरुस्तीला," साठ्ये म्हणाले आणि चपला घालून खाली उतरले.

फलाटाचं तिकीट काढल्याशिवाय आत जाणं त्यांच्याच्याने झालं नसतं, म्हणून ते रांगेत उभे राहिले आणि आणखी दोन गाड्या गेल्या. ते पोचले तेव्हा सुदेश बाकावर बसला होता, बॅग मांडीवर.

"काका, तुम्ही? कुठे चाललात?"

"कुठे नाही. ही तुझी जागा नाही, सुदेश."

सुदेश थोडासा हसला. "कालच तर तुम्ही इथे आणून ठेवलंत."

"तेच चुकलं माझं." साठ्ये शेजारी बसले. "रोज जातोस कुठे?"

"कल्याणला. काळ्या तलावावर. अकरापर्यंत सावली असते एका बाजूला. मग वाचनालय. तिथे जाहिराती बघायच्या, दोन-चार फोन करायचे. चार ठिकाणी भेटून पण आलेलो. कळवतो म्हणाले." तो थांबला. "काल वाटलं होतं सांगून टाकावं. मग तुम्ही पेढा दिलात. म्हटलं, देवानेच एक दिवस वाढवून दिला."

"रुचिताला माहीत आहे," साठ्ये म्हणाले. "दहा मेपासून."

सुदेशने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या रुळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मे महिन्यापासून डब्यात पोळी एक जास्त असते. मला वाटायचं, चुकून येते."

"रोज?"

"रोज. मी कावळ्यांना घालायचो."

कल्याणची गाडी आली आणि गेली. सुदेशने खिशातून फोन काढला, हातात धरला.

"आता नको," तो म्हणाला. "मुंबईची येतेय. आवाजात ऐकू नाही येणार."

ती गेली.

"मागून फास्ट आहे."

"ती इथे थांबत नाही," साठ्ये म्हणाले. "अकरा सेकंदांत जाते."

ती अकरा सेकंदांत गेली. सुदेशने नंबर लावला. रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"अगं, मी बोलतोय," तो म्हणाला. "मी... कोपरलाच आहे."

पलीकडचा आवाज साठ्यांना शेजारी बसून स्वच्छ ऐकू आला.

"माहितीय मला. पुलाखाली भाजीवाली बसली असेल बघ. येताना पालेभाजी आण, दोन जुड्या. उद्या गौरी यायच्यात."

"हो," सुदेश म्हणाला.

फोन मात्र कोणीच ठेवला नाही. साठ्ये बाकावरून उठले, चार पावलं पुढे गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.