जबाबदार नातेवाईक

ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईने, वय चौतीस, सकाळी सव्वानऊला रक्त दिलं. अंगात बीजांडांचा साठा किती उरला, याचा अंदाज देणारी ही हार्मोनची तपासणी. तिला दोन वर्षांचं शिक्षण परगावी चालून आलं होतं. मूल आधी की शिक्षण आधी, एवढंच तिला ठरवायचं होतं. अर्जात ‘जबाबदार नातेवाईक’ असा रकाना होता. नवरा फोन उचलत नाही, म्हणून तिने सासूबाईंचा नंबर घातला. तिथेच माशी शिंकली.

अहवाल नियमाप्रमाणे जबाबदार व्यक्तीकडे गेला. सासूबाईंना अर्थ लागेना, म्हणून त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या चुलतसासऱ्यांनी ‘निम्म्याखाली गेली की भरून घ्यावी’ असं मत नोंदवलं.

“आई, आकडा किती आलाय?” तिने विचारलं.

“तुला कशाला गं? उगीच जिवाला घोर.”

जाऊबाई ग्रंथपालांच्या शेजारी राहायच्या. त्यामुळे सोमवारी ग्रंथालयात तिच्या अहवालावर तीन सदस्यांची समिती बसली. तिघेही पुरुष, तिघेही गंभीर. शेरा एकमताने पडला: ‘साठा कमी असल्यास वेळ दवडू नये, सबब शिक्षणास जाऊ नये. पुरेसा असल्यास वाया घालवू नये, सबब जाऊ नये.’

तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समितीला कळवलं, की हा आकडा साठ्याचा अंदाज देतो, दिवस राहतील की नाही ते सांगत नाही. शिवाय नवऱ्याचीही तपासणी करावी. शेवटचं वाक्य विषयाबाहेरचं म्हणून वगळण्यात आलं. नवऱ्याला त्या आठवड्यात सर्दी होती.

शेवटी ती प्रयोगशाळेच्या खिडकीवर गेली. “माझा अहवाल द्या.”

“नातं काय?” कारकुनाने मान वर न करता विचारलं.

“माझाच आहे तो.”

“म्हणजे तुम्ही पेशंट. पेशंटला देत नाही, बाई. पेशंट घाबरतात.”

“आजवर तो किती जणांना दिलात?”

“एकेचाळीस. सगळे जबाबदार होते.”

तिने नवा अर्ज मागितला. सुईत दोरा ओवावा तशी नजर बारीक करून रकान्यात लिहिलं: ‘स्वतः. सख्खी.’ कारकुनाने नियमपुस्तक दोनदा चाळलं. सख्ख्या नात्याला हरकत कुठेच सापडेना. शिक्का पडला.

आकडा तिने उभ्या उभ्याच वाचला. मग कामावर येऊन त्याच कागदाची पट्टी कापली, एका जाडजूड पुस्तकाच्या कण्यात खळ लावून चिकटवली, वरून कापड ओढलं, आणि खळ वाळेपर्यंत शिक्षणाच्या होकाराचं पत्र लिहून काढलं.

आकडा किती होता, हे तुम्हालाही विचारायचंय ना? खिडकी नऊला उघडते. नातं तेवढं लिहून आणा.