इंगोलेभाऊंचे ठिपके

इंगोलेभाऊ छापील वर्तमानपत्रातल्या फोटोवरही दोन बोटं ठेवून ती फाकवतात. फोटो मोठा होत नाही. मग ते चष्मा पुसतात आणि पान उलटतात.

अमरावतीत आम्ही एकाच ऑफिसात वेबसाइटवर चालणारे नकाशे बनवतो. गावं, रस्ते, विहिरी यांची माहिती आमच्याकडे येते, ती आम्ही नकाशावर ठिपक्यांनी मांडतो. ठिपक्याला बोट लावलं की माहिती उघडली पाहिजे. बाकीचे चार-दोन ठिपके दाबून बघतात आणि घरी जातात. इंगोलेभाऊ सगळे दाबतात. काहून एवढा जीव काढता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कोनी तं राह्यते न बावा तिथं."

बाकी प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर असतं: "झूम करून पाहा." साहेब कामाच्या उशिरावरून बोलले, तरी तेच. भाजीवालीनं वांगी ताजी आहेत असं सांगितलं, तर तिलाही तेच. ती आता त्यांना वांगी देत नाही.

तेल्हाऱ्याच्या विहिरींचा नकाशा आम्ही अधिकाऱ्यांसमोर उघडला, तेव्हा तालुक्यात एकही विहीर नव्हती. इंगोलेभाऊंनी शांतपणे नकाशा लहान करत नेला. अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते. तेल्हाऱ्याच्या सगळ्या विहिरी उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात निघाल्या. "पानी तं तिथंबी आहेच, साहेब," इंगोलेभाऊ म्हणाले. ते विनोद करत नव्हते. चहा येईपर्यंत त्यांनी विहिरी तेल्हाऱ्यात परत आणल्या.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांना फोन आला. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे मोटरसायकलची किल्ली दिली. "तू चालव."

आम्ही परतवाड्याला निघालो. वाटेत कळलं, त्यांचे वडील तिथं थोरल्या भावाकडे असतात. अलीकडे त्यांना काही आठवत नाही आणि ते न सांगता घराबाहेर पडतात. आजही सकाळपासून पत्ता नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

परतवाड्यात शिरल्यावर इंगोलेभाऊंनी मोबाइलवर एक नकाशा उघडला. मी तो कधी पाहिला नव्हता. त्यात फक्त परतवाडा होता. त्यांनी एक ठिपका दाबला: 'किराणा दुकान. बाबा इथं टेकतात. काकू पाणी देतात.' दुसरा: 'शाळेची भिंत. उन्हात बसतात. लगेच उठवू नये.' वडील आजवर जिथं जिथं सापडले, त्या सगळ्या जागा होत्या, आणि त्यांना सांभाळून घेणारी माणसं.

आम्ही ठिपक्यामागून ठिपका पाहत गेलो. कुठंच नव्हते. काकूंनी आज पाहिलंच नव्हतं. भिंतीजवळ नुसतं ऊन होतं. शेवटी नकाशा खिशात ठेवून आम्ही रस्त्यानं शोधत निघालो. जीपच्या अड्ड्यावर, अमरावतीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर ते बसले होते. धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी.

इंगोलेभाऊंनी जीपजवळ जाऊन आत डोकं घातलं. मग विचारलं, "कुठी चालले, बाबा?"

"अमरावतीले," म्हातारे म्हणाले. "लहाना पोरगा राह्यते तिथं. लय दिवस झाले, आला नाही."

इंगोलेभाऊ दर रविवारी येत असत. त्यांनी तसं सांगितलं नाही.

"तुमी कुठी चालले?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मीबी तिकडंच."

म्हाताऱ्यांनी पिशवी उचलून जागा करून दिली. इंगोलेभाऊंनी भावाला फोनवर दोन शब्दांत कळवलं, मला हातानंच निघायची खूण केली आणि आत बसले.

मी मोटरसायकल घेऊन जीपच्या मागे निघालो. मागच्या बाकावरचे दोघं मला दिसत होते. म्हातारे हात हलवून काहीतरी कौतुकानं सांगत होते. आपल्या लहान्या पोराबद्दलच असावं. इंगोलेभाऊ पुन्हा पुन्हा चष्मा काढून पुसत होते, आणि ओळख नसलेल्या माणसानं ऐकावं तसं, मन लावून ऐकत होते.