स्वेच्छा बंधनकारक राहील

विद्यापीठाच्या एचआयव्ही प्रतिबंध व सामुदायिक आरोग्य संशोधन केंद्राने चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी शिबिर घेतले. भाषण झाले, पोहे झाले, तपासणी मात्र झाली नाही. केंद्रातील समुपदेशक विशाखा सावळे हिने परत येऊन संचालकांना कारण सांगितले.

“सर, कामगार विचारतात, तुमच्या साहेबांनी केली का?”

संचालक डॉ. शिवराज घोडके यांची पीएच.डी. लोकांच्या मनातील भीती या विषयावर होती. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली. येत्या शुक्रवारी केंद्रातल्या सर्वांनी स्वतःपासून सुरुवात करावी, असे ठरले. कायद्याने ही तपासणी ऐच्छिक आहे, असे विशाखाने नम्रपणे सांगितले. संचालकांनी दुरुस्ती सुचवली, “ठीक आहे. स्वेच्छा सर्वांना बंधनकारक राहील.” टाळ्या पडल्या. हेडक्लार्क कडूबा मिसाळ यांच्या टाळ्या सर्वांत शेवटी थांबल्या.

घरी ही बातमी ऐकून सौ. आशाताईंनी हातातला झारा खाली ठेवला. “तुम्हाला कशाला लागते हो तपासणी?”

“अगं, धोरण आहे.”

“ते धोरण कुठं कुठं फिरून आलं, तेवढं सांगा.”

त्या दिवशी वरणात मीठ नव्हते. साहेबांनी ते मागितलेही नाही.

खरे तर साहेबांना तपासणीची गरज होती. तरुणपणी अपघात झाला तेव्हा त्यांना रक्ताची बाटली चढवली होती, आणि ती कुठून आणली हे घाईत कोणी विचारले नव्हते. अशा माणसाने एकदा तपासून घ्यावे, असे ते गावोगाव सांगत असत. आपणही त्या माणसांतलेच, हे आता त्यांच्या ध्यानात आले. पण आपल्याच केंद्रात तपासणीसाठी दंड पुढे केला, तर शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे विचारणार, ‘साहेबांना शंका का आली?’ म्हणून शुक्रवारी त्यांनी रजा टाकली, तोंडाला मास्क लावला, डोक्यावर माकडटोपी चढवली आणि एसटीने थेट सोयगाव गाठले. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते.

तपासणी कक्षाबाहेरच्या बाकावर भामाबाई नावाची म्हातारी गरोदर सुनेला घेऊन बसली होती.

“सुनंचं रगत तपासाया आणलंय,” ती म्हणाली. “लेकरासाठी समद्या पोटुशींचं करत्यात. तुमी?”

“डोळे.”

“डोळ्याचं तिकडं हाय, दादा. हितं एड्सचं बघत्यात!” भामाबाईला कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे बोलत असे.

साहेबांनी टोपी आणखी खाली ओढली. तेवढ्यात पलीकडे बसलेल्या, डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेल्या बाईंना शिंक आली. ती शिंक केंद्राच्या उपसंचालक डॉ. राजनंदिनी यांची होती. दर बैठकीत ती ऐकू येत असे. भिंतीकडे तोंड करून एक गृहस्थ हेल्मेटसकट बसले होते. शिंक ऐकून त्यांनी सवयीने “जियो मॅडम” म्हटले, आणि कडूबा मिसाळ उघडे पडले.



“मी आकस्मिक पाहणीला आलोय,” संचालक म्हणाले.

“मीसुद्धा पाहणीलाच,” राजनंदिनीबाई म्हणाल्या.

“माझी तर लई दिवसांची पाहणी बाकी होती, सर,” हेल्मेटमधून आवाज आला.

आता पाहणी करणे भाग होते. तिघांनी नळ पाहिले, पंखे पाहिले, तपासणी करणाऱ्या सिस्टरना “लोक येतात का?” असे गंभीरपणे विचारले. सून तपासून बाहेर आली, तशी भामाबाई साहेबांना म्हणाली, “घ्या की करून. मुंगी चावल्यावानी हाय.” साहेबांचा हात बाहीकडे गेला. मनापासून गेला. पण मागे कडूबा उभे होते. साहेबांनी बाही नीट केली आणि तिघेही न तपासता, वेगवेगळ्या बसने, संभाजीनगरला परतले.

इकडे शुक्रवारी केंद्रात एकट्या विशाखाने तपासणी करून घेतली.

सोमवारी तिचा चहा कागदी कपात आला. बाकीच्यांचा नेहमीप्रमाणे चिनी मातीच्या कपात. मंगळवारी तिची खुर्ची खिडकीशी सरकली, ‘हवा खेळती राहावी म्हणून’. पुंडलिकनगरातल्या तिच्या घरमालकीणबाईंनीही, सहजच, तब्येत विचारली.

“कुणीच तपासणी केली नाही. तिनंच का केली असेल?” कडूबा दबक्या आवाजात म्हणाले.

“काहीतरी असल्याशिवाय कोण करतं?” संचालक म्हणाले, आणि त्यांचा हात नकळत दंडावर गेला.

विशाखा सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेली. “सर, पुढचं शिबिर कामगारांसाठी नको. आपल्यासाठीच घेऊ.” साहेबांनी कल्पनेचे स्वागत केले आणि अभ्यासासाठी समिती नेमली. विशाखाने दुसऱ्या दिवसापासून घरून स्वतःचा स्टीलचा पेला आणला आणि ती चिकलठाण्याच्या कारखान्यात एकटीच गेली. या वेळी कामगारांनी विचारले, “तुमी केली का?” ती म्हणाली, “केली.” रांग लागली.

आता आपण विचाराल, तिचा रिपोर्ट काय आला? तो गोपनीय आहे. पण गेल्या दोन मिनिटांत आपल्याही मनात हा प्रश्न येऊन गेलाच असेल, तर आपण केंद्रात शोभाल; तिथे एक खुर्ची रिकामी आहे. कप मात्र आपला आपण आणावा.