शेवटचं भोक कुठं पाडायचं

व्हर्लिन टॉफ्टनं खोक्यातून ती वस्तू काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. त्याची बायको नडीन टोस्टला लोणी लावत होती. तिनं मान वाकडी करून बघितलं.

"हे काय?"

"पिस्तुलाचा सांगाडा."

"म्हणजे पिस्तूल."

"नाही. पिस्तूल व्हायचंय अजून. त्यांनी अर्धवट बनवून पाठवलंय, उरलेलं आपण करायचं."

"अर्धवट का? कामगार पळून गेले?"

"पूर्ण केलं की कायद्यानं ते पिस्तूल होतं. मग दुकानात जा, कागद भरा. असं अर्धवट असलं की नुसतं प्लास्टिक. टपालानं घरी येतं."

नडीननं ती काळी वस्तू उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला आणि परत ठेवली. "स्वेटर विणायचं किट मागवलं असतंस तर निदान हिवाळ्यात घालता आलं असतं," ती म्हणाली.

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये त्या काळी अशी किटं कुणीही मागवायचं. व्हर्लिनकडे कपाटात दोन चांगली पिस्तुलं होती, तिसऱ्याची त्याला गरज नव्हती. पण आयुष्यभर त्यानं लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या, गोठलेल्या तळघरांत पालथं पडून नळ्या जोडल्या होत्या, आणि वसंतात निवृत्त झाल्यापासून त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. कॉफीचा कप उचलायला जावं तर बोटं आधीच नाचायला लागायची. डॉक्टर म्हणाले, बघू. या 'बघू'नं त्याची झोप उडवली होती. जाहिरातीत 'उरलेलं तुम्ही करा' हे वाचल्यावर त्याला वाटलं, आपल्याला आता उरलेलं करता येतं का, हे एकदा कळून जाऊ दे. नडीनला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

काम थोडंच होतं. थोडं प्लास्टिक तासायचं आणि काही भोकं सरळ पाडायची. तासायचं काम तर जमलं. भोकांची मात्र त्याला भीती वाटली. हातातलं ड्रिल हललं तर सगळंच वाया. गावच्या लायब्ररीत लोकांसाठी एक छोटी कार्यशाळा होती आणि तिथं चाकांच्या गाड्यावर एक उभं ड्रिल होतं. ते यंत्र स्वतःच सरळ राहायचं. शनिवारी सकाळी व्हर्लिन सांगाडा कागदी पिशवीत घालून लायब्ररीत गेला.

ऑर्डिथ पेल तिथली ग्रंथपाल. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. "व्हर्लिन, दारावरची पाटी वाचलीस ना? आत शस्त्र आणायचं नाही."

"हे शस्त्र नाही, ऑर्डिथ. प्लास्टिक आहे."

"मग शस्त्र कधी होणार?"

व्हर्लिननं विचार केला. "शेवटचं भोक पडलं की."

"आणि ते भोक तू पाडणार माझ्या लायब्ररीत."

ती रागावली नव्हती. पण उत्तर नसलेला प्रश्न समोर आला की ऑर्डिथला खुर्चीत बसवत नसे. तिनं दोन जाडजूड पुस्तकं काढली, चाळली, मिटली आणि शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन लावला. थोड्या वेळानं डेप्युटी रस्टिन गॅम्बल आला. पोरगा नोकरीत नवा होता, टोपी त्याला अजून मोठी व्हायची. त्यानं सांगाडा तळहातावर घेऊन वजन पाहिलं.

"मिस्टर टॉफ्ट, आत्ता हे काय आहे?"

"प्लास्टिक."

"आणि पहिलं भोक पाडल्यावर?"

"भोक असलेलं प्लास्टिक."

"आणि शेवटचं अर्धं पडलं असताना?"

"ते मलाही जाणून घ्यायचंय," ऑर्डिथ म्हणाली.

रस्टिननं त्याच्या साहेबाला फोन केला. साहेब मासे पकडायला गेला होता. त्यानं आधी गळ पाण्यातून बाहेर काढला. मग म्हणाला, बाहेरून पिस्तूल आत आणलं तर काय करायचं ते मला ठाऊक आहे, पण पिस्तूल आतच जन्माला आलं तर काय, हे आजवर कुणी विचारलं नाही. सोमवारी सांगतो.

सोमवारपर्यंत थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. कारण तोवर कार्यशाळेत आणखी माणसं जमली होती आणि प्रत्येकाला हे कोडं आपलंच वाटू लागलं होतं. तोडगा ऑर्डिथनंच काढला. शेवटचं सोडून बाकीची भोकं आत पाडायची, शेवटचं बाहेर. गाड्याला चाकं आहेतच.

आतलं काम यंत्रानं झोकात केलं. व्हर्लिनला फक्त दांडा खाली ओढायचा होता. मग चौघांनी धरून तो गाडा उतारावरून बाहेर काढला. व्हर्लिननं वायर हातात घेतली आणि रस्टिननं हात वर केला.

"इथं नको. ही गाड्या लावायची जागा शाळेची आहे. शाळेच्या आवारात पिस्तूल चालत नाही."

"आज शनिवार आहे," व्हर्लिन म्हणाला.

"शाळा शनिवारीही शाळाच असते."

पलीकडे पोस्ट होतं, पण ते केंद्र सरकारचं, तिथंही बंदी. त्याच्यापुढे चर्च. पाद्री बाहेर येऊन सगळं नीट ऐकून म्हणाले, जन्म, लग्न, मृत्यू, तिन्ही आमच्याकडे होतात, पण हा जन्म जरा दुसरीकडे करा. बारचा मालक प्लग द्यायला एका पायावर तयार होता. पण दारू आणि हत्यार एका छपराखाली नको, अशी पाटी त्यानं स्वतःच दारावर ठोकली होती, आणि ती रस्टिननं त्याला वाचून दाखवली. बँकेकडे कुणी बघितलंही नाही.

अशी ती वरात मुख्य रस्त्यानं चालली. पुढं डेप्युटी, मध्ये खडखडणारं ड्रिल, मागं बारवाल्यासकट पंधरावीस माणसं, आणि व्हर्लिनच्या हातात कागदी पिशवी. वारा सुटला होता आणि पिशवी फडफडत होती. ती वाऱ्यानं फडफडतेय की आपल्या हातानं, हे त्याला नक्की सांगता येईना.

"तुमचं स्वतःचं गॅरेज आहे ना?" शेवटी रस्टिननं विचारलं.

"आहे."

"मग आपण आधीच तिकडे का नाही गेलो?"

 गाडा टॉफ्टच्या घराकडे वळला.

गॅरेजमध्ये ड्रिलचं बटण दाबताच यंत्रानं एक हुंकार दिला आणि घरातली वीज गेली. व्हर्लिननं फ्यूज बदलला. पुन्हा हुंकार, पुन्हा अंधार. तिसऱ्या वेळी आतलं दार उघडून नडीन आली. तिचा केक अर्धाच भाजला होता. तिनं गर्दी पाहिली, वर्दीतला डेप्युटी पाहिला, ग्रंथपाल पाहिली.

"काय केलंय ह्यानं?"

"अजून काहीच नाही, मॅडम," रस्टिन म्हणाला. "तोच तर प्रश्न आहे."

भिंतीवर व्हर्लिनच्या वडिलांचं हातानं फिरवायचं ड्रिल टांगलेलं होतं. तिथल्या प्रत्येकाची नजर एकेक करून त्याच्यावर गेली. व्हर्लिनची सगळ्यात आधी गेली होती, पण त्यानं ती फिरवली होती.

"त्यानं होईल की," बारवाला म्हणाला.

"होईल," व्हर्लिन म्हणाला. त्यानं ड्रिल उतरवलं, आणि हवेत असतानाच त्याचं टोक थरथरायला लागलं. ऑर्डिथनं ते पाहिलं आणि छताकडे बघायला लागली. रस्टिन टोपी नीट करू लागला. माणसं भली होती. एवढ्यात सगळ्यांना काही ना काही बघायचं सुचलं.

फक्त नडीन बघत राहिली.

व्हर्लिननं सांगाडा टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळला, टोक खुणेवर टेकवलं आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. प्लास्टिकचा पहिला काळा कुरळा भुगा वर आला आणि त्याच्या लक्षात आलं की हात थांबलाय. फिरत होता, पण थरथरत नव्हता. त्यानं श्वास धरून ठेवला. सगळं गॅरेज आता पुढं वाकलं होतं. ड्रिल आरपार गेलं आणि हलकं झालं. त्यानं ते मागं घेतलं, किटमधला खिळा उचलून भोकात घातला. खिळा सरळ गेला, सरळ बाहेर आला.

"झालं," व्हर्लिन म्हणाला.

रस्टिननं जवळ येऊन पाहिलं. "म्हणजे आता हे पिस्तूल."

"आता पिस्तूल."

"तसंच दिसतंय," ऑर्डिथ जराशी हिरमुसून म्हणाली. तिला काहीतरी बदलेल असं वाटलं होतं.

लोक पांगले. गाडा चढावरून परत न्यायचा होता, त्यामुळे जरा घाईनंच पांगले. व्हर्लिन स्टुलावर बसून राहिला. हात मांडीवर ठेवला होता आणि तो पुन्हा नाचत होता, पण आज त्याला त्याचं काही वाटलं नाही. किती दिवसांनी छातीवरून काहीतरी उतरलं होतं. नडीन जवळ आली आणि तिनं तो हात आपल्या हातात घेतला.

"घाबरला होतास," ती म्हणाली.

"थोडा."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं."

तिनं हात उलटा करून बघितला. मग शिकंज्यातल्या त्या पिस्तुलाकडे, त्या सरळ भोकाकडे आणि परत हाताकडे. "म्हणजे रिकामा असला की थरथरतो," ती हळूच म्हणाली, "आणि काम दिलं की थांबतो."

"तसंच दिसतंय," व्हर्लिन आनंदानं म्हणाला.

"डेप्युटीनं पाहिलं, ऑर्डिथनं पाहिलं, अर्ध्या गावानं पाहिलं."

"पाहिलं की."

"बरं झालं," नडीननं त्याचा हात थोपटला. "न्हाणीघरातला नळ ईस्टरपासून गळतोय. मागचा कठडा सुटलाय. माझ्या बहिणीची भट्टी पेटत नाही, आणि मी तिला सांगत होते, बिचाऱ्याला आता जमत नाही गं."

व्हर्लिननं झटकन हात खाली सोडला आणि तो जास्तीत जास्त थरथरेल याची वाट बघू लागला. पण नडीननं तेवढ्यात त्या हातात पाना ठेवला होता.