कावळ्याची संमती आणि सहा श्रेयांक

कावळ्याने बारावीची भाषा-परीक्षा घेतल्याची कथा गोदाकाठी तीन पाठांत सांगितली जाते. नदीच्या वरच्या अंगाला परीक्षक डोमकावळा असतो आणि उमेदवार पहिल्या फेरीतच उत्तीर्ण होतो. त्यामुळे त्या पाठात सांगण्यासारखे फारसे उरत नाही. खालच्या अंगाला परीक्षक एक नसून अकरा कावळे असतात, आणि ते आपसांत भांडून निकाल राखून ठेवतात. तिसरा पाठ संगमखेडचा. तो लहान आहे, तपशिलाने भरलेला आहे आणि सांगणारा बदलला तरी फारसा बदलत नाही. लोककथेत असे स्थैर्य क्वचित आढळते. कथेचा निम्मा भाग कनिष्ठ महाविद्यालयाच्या जावक नोंदवहीत असल्यामुळे ते आले असावे. पुढे दिला आहे तो हाच पाठ.

वृंदा दिगंबर गंगावणे बारावीला होती. तिचे वडील घाटावर दर्भ, काळे तीळ, पत्रावळी असे दहाव्याला लागणारे साहित्य विकत. आदल्या वर्षी त्यांच्या पायाचे हाड मोडले, तेव्हा वृंदाने सात महिने दुकान सांभाळले, आणि त्यात तिचा दुसऱ्या भाषेचा विषय राहून गेला. सहा श्रेयांक कमी पडले. जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकीय पदविकेला तिचा नंबर लागला होता, पण श्रेयांक पुरे झाल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता, आणि यादी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होती.

शाळेत न शिकलेली एखादी भाषा विद्यार्थ्याला उत्तम येत असेल तर परीक्षा देऊन तिचे श्रेयांक मिळवावेत, अशी सोय मंडळाने केलेली होती. वृंदाने अर्जात भाषेच्या रकान्यात ‘कावळ्यांची’ असे लिहिले आणि ‘कोठे अवगत केली’ यापुढे ‘घाटावर’. अर्ज मंजूर झाला. अट एकच होती आणि ती सर्व भाषांना सारखी लागू होती: गुण मातृभाषक परीक्षकाने द्यावेत, आणि त्याचे वास्तव्य परीक्षा केंद्राच्या हद्दीत किमान पाच वर्षांचे असावे.

शुक्रवारी सकाळी मंडळाच्या निरीक्षक मेहरुन्निसा काझी घाटावर आल्या. प्राचार्य ओतूरकर त्यांच्यासोबत होते. परीक्षक पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसलेले होते.

“हेच ते कशावरून?” काझी मॅडमनी विचारले.

“उजव्या पायाचं एक बोट वाकडं आहे, बघा,” दिगंबरराव म्हणाले. “शिवाय हा फरसाण खात नाही. बाकीचे खातात.”

“खाण्याचं राहू द्या. दिसतं तेवढंच लिहून सही करा.”

दिगंबररावांनी रहिवासाच्या दाखल्यावर सही केली. प्राचार्यांनी परीक्षकांसाठी द्रोणात दहीभात आणला होता, तो मॅडमनी परत पाठवला. परीक्षेच्या दिवशी परीक्षकास खाद्यपदार्थ देणे हे आमिषात मोडत होते.

श्रवण आणि संभाषण यांची परीक्षा अकरापर्यंत आटोपली. परीक्षक चार मिनिटे बोलले, वृंदाने उत्तर दिले. त्यावर त्यांनी एक उपप्रश्न विचारला, तिने तोही सोडवला. वाचनासाठी समोरच्या तारेवर कावळे कोणत्या क्रमाने बसले आहेत ते तिला वाचायचे होते. एका जागी ती अडखळली. तेवढ्यात तिथला कावळा स्वतःच सरकून बसला आणि ओळ सुधारली.

“काय म्हणाले ते?” प्राचार्यांनी हळूच विचारले.

“सर, ते गोपनीय आहे,” वृंदा म्हणाली.

लेखी परीक्षेसाठी या भाषेला लिपी नसल्याने देवनागरी चालेल, असे मंडळाने आधीच कळवले होते. निबंधाचा विषय सर्व भाषांना एकच होता, ‘माझा आवडता सण’. वृंदाने पितृपक्षावर अडीच पाने लिहिली.

उरले गुणदान. ते कसे व्हावे याबद्दल नियम स्पष्ट होता: परीक्षकाने आपल्या समाजात रूढ असलेल्या पद्धतीने संमती दर्शवावी. कावळ्यांच्या समाजातली रूढ पद्धत घाटावर सर्वांना ठाऊक होती. उत्तरपत्रिका पिंड ठेवण्याच्या दगडावर ठेवली गेली, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या बाजूला दोन खडे ठेवले, आणि सर्वजण दहा पावले मागे सरले. कावळा उत्तरपत्रिकेला शिवला की सहा श्रेयांक.

परीक्षक खाली आले. हातभर अंतरावर बसून त्यांनी उत्तरपत्रिका पाहिली आणि ते शिवले नाहीत. साडेबारा वाजले. मग दोन वाजले.

या टप्प्यावर संगमखेडचे लोक जे करतात तेच जमलेल्यांनी केले. पिंडाला कावळा शिवत नसेल तर कुणाच्या तरी मनात काहीतरी राहिलेले आहे, ते शोधून त्याचे वचन द्यावे, अशी त्या घाटाची रीत आहे. प्राचार्य ओतूरकर पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “प्रयोगशाळेचं छत दिवाळीच्या आत करून घेतो.”

परीक्षकांनी दगडावर चोच पुसली.

“सर, परीक्षकांशी संपर्क साधता येत नाही,” काझी मॅडम म्हणाल्या.

“हा संपर्क नाही मॅडम, आश्वासन आहे.”

मॅडमनी नियमपुस्तिका चाळली. आश्वासनांवर बंदी आढळली नाही. त्यांनी वहीत लिहिले: ‘आश्वासन क्र. १. परिणाम नाही.’

पलीकडे वडिलांच्या दहाव्याला आलेले कोंडाजी थेटे मुंडन झालेल्या डोक्यावर टॉवेल टाकून हे बघत होते. त्यांच्याकडचा कावळा सकाळीच शिवल्याने त्यांना सवड होती. “आमच्या म्हाताऱ्याला नवा ट्रॅक्टर बघायचा होता,” ते म्हणाले. “किल्ली दाखवली, लगेच शिवला. दुकानदार, तुम्ही बोला की काहीतरी. पोरगी तुमची आहे, सरांची नाही.”

दिगंबरराव पुढे झाले. त्यांनी उडदाचे वडे कबूल केले. वसतिगृहात न्यायला कुलपाची नवी पेटी कबूल केली. दर रविवारी फोन कबूल केला, आणि असेच आणखी काही. प्रत्येक आश्वासनाला मॅडमनी क्रमांक दिला. सातव्या क्रमांकाला परीक्षक पाठ फिरवून बसले आणि तीनदा बोलले.

वृंदा पायरीवर बसून हे ऐकत होती. तिने मान खाली घातली.

“तुला कळतंय ना ते काय म्हणतायत?” मॅडमनी विचारले.

“कळतंय, मॅडम.”

“सांगू नकोस. उमेदवाराने परीक्षकाचा दुभाषा होणं नियमात बसत नाही.”

“नाही सांगत,” वृंदा म्हणाली. “सांगायचंही नाहीये.”

साडेतीन झाले तेव्हा दिगंबरराव दुकानाच्या फळीवर बसले आणि त्यांनी दर्भाच्या चार काड्या घेऊन कावळा वळायला सुरुवात केली. खरा कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. तो वळण्यात त्यांचा हात धरणारे तालुक्यात कुणी नव्हते.

“हा चालेल,” ते म्हणाले. “शास्त्राला चालतो.”

मॅडमनी तो हातात घेऊन नीट पाहिला. “काम सुबक आहे. याची मातृभाषा कोणती?”

दिगंबररावांनी तो परत घेतला.

“पर्यायी परीक्षक नेमता येतो,” मॅडम म्हणाल्या, “पण तोही मातृभाषकच लागतो. माफ करा.”

कोंडाजी थेट्यांनी टॉवेल सारखा केला. “अहो, वीस वर्षं झाली, लोकांना सांगता ना तुम्ही, मनातलं बोला, मनातलं बोला म्हणून. आमच्या थोरल्याला सकाळी केवढं झापलंत. आणि आता स्वतः पेट्या आणि वडे.”

दिगंबररावांनी दर्भाचा कावळा फळीवर ठेवला. चपला काढून ते दगडापाशी गेले, वाकले आणि पुटपुटले.

“मोठ्याने,” मॅडम म्हणाल्या. “नोंद करायची आहे.”

“मला ही नापास व्हायला हवी होती,” दिगंबरराव म्हणाले.

मॅडमनी लिहिले: ‘आश्वासन क्र. ८’. मग ‘आश्वासन’ खोडून ‘निवेदन’ केले.

“तिचा अर्ज माझ्याकडे दिला होता, पोस्टात टाकायला. दोनदा विसरलो म्हणालो. विसरलो नव्हतो. खिशातच होता.” ते कावळ्याशी बोलत होते, मागे वळून बघत नव्हते. “लोक म्हणतात, गंगावण्यांच्या इथं खोळंबा होत नाही, पोरगी हाक मारते आणि कावळा येतो. पण तेही कारण नाही. गिऱ्हाईक काय, मिळतंच. पाय मोडला तेव्हापासून ही दुपारी समोर बसते, आम्ही डबा खातो. हिची बडबड चाललेली असते, निम्मी माझ्याशी, निम्मी ह्यांच्याशी. मला ह्यांचं कळत नाही, पण ऐकत बसतो.”

“हे मला माहीत होतं, अण्णा,” वृंदा पायरीवरून म्हणाली. “अर्जाचं. तिसऱ्यांदा मीच टाकला.”

“कुणी सांगितलं?”

वृंदाने परीक्षकांकडे पाहिले.

“हे मी ऐकलेलं नाही,” काझी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचे टोपण लावले. मग काही वेळाने काढले. “गंगावणे, पुढे? निवेदन अपुरं आहे. यातून निष्पन्न काय होतं?”

दिगंबरराव दगडासमोर खाली बसले.

“ती जाईल,” ते म्हणाले. “मी अडवणार नाही. असं लिहा. दुपारी एकटा जेवीन. ह्यांच्याशी मराठीतच बोलीन, त्यांना कळलं तर कळलं.”

“‘कळलं तर कळलं’ हेही लिहू?”

“लिहा.”

मॅडमनी लिहिले. कावळा दोन उड्या मारून पुढे आला आणि त्याने उत्तरपत्रिकेच्या वरच्या कडेला चोच लावली. तेव्हा चार वाजून बारा मिनिटे झाली होती.

“सहापैकी किती धरायचे?” प्राचार्यांनी विचारले.

“शिवला म्हणजे शिवला,” कोंडाजी थेटे म्हणाले. “त्यात थोडा, अर्धा असं नसतं.”

काझी मॅडमनी सहा लिहिले. निकाल साडेचारला मंडळाकडे रवाना झाला आणि पाच वाजता यादी बंद झाली तेव्हा तिच्यात वृंदाचे नाव होते. सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने ती गेली. दिगंबररावांनी साडेसहाला दुकान उघडले.