तीन इंचांत भाऊजी

रामदास सपकाळने घरच्या अंगणात जीपची बॉडी चासीवरून तीन इंच वर उचलून बसवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे थोरले भाऊ धोंडिराम त्या तीन इंचांत राहायला आले.

येताना त्यांनी वळकटी आणि अडकित्ता आणला होता. रामदासची बायको उज्ज्वला तेव्हा अंगण झाडत होती. भाऊजींनी जीपभोवती एक फेरी मारली, वाकून फटीत पाहिलं, वळकटी आत ढकलली आणि तिच्यामागोमाग स्वतःही आडवे होऊन सरकले. उज्ज्वलाने पदर सावरला.

"चहा टाकू का, भाऊजी?"

"टाक. पण बशीतूनच दे. इथं कप उभा राहायचा नाही."

जीप चालवायची उज्ज्वला. वाडीतल्या बायकांची स्ट्रॉबेरी ती वाईच्या बाजाराला न्यायची. ओढ्यातल्या दगडांसाठी मोठे टायर घातले, तर ते दर खड्ड्याला मडगार्डला घासायला लागले. म्हणून रामदासने गॅरेजला न जाता सगळं घरीच केलं. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर तेल पाजलं, जॅकवर फळी ठेवून आधी एक बाजू उचलली, मग दुसरी, आणि मध्ये नायलॉनचे गट्टू, म्हणजे जाड ठोकळे, घालून लांब बोल्ट आवळले. स्टिअरिंगचा दांडा वाढवला. संध्याकाळी बॉडी आणि चासीच्या मधून पलीकडच्या कोंबड्या दिसायला लागल्या, तेव्हा तो खूश होऊन जेवला.

भावाभावांचं बोलणं मात्र नवं घर बांधलं तेव्हापासून बंद होतं. खोल्यांच्या वाटणीवरून वाजलं होतं. "या घरात मला बोटभर जागा नाही," असं म्हणून भाऊजी तेव्हा मसूरला मेव्हण्याकडे निघून गेले होते. आता चांगली चार बोटं झाली होती.

रामदास पाना घेऊन बाहेर आला आणि बायकोकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, ही जागा टायरसाठी काढलीय."

"त्याला सांग, टायर खाली आहेत," आतून उत्तर आलं. "मी मध्ये आहे."

रामदासने वाकून पाहिलं. ते खरं होतं.

"मग मी गट्टूच काढतो," तो म्हणाला. "होती तशी बॉडी खाली बसू दे."

"कशावर?" उज्ज्वलाने विचारलं.

रामदासने थोडा विचार केला आणि पाना खाली ठेवला.

दुपारी तिने पोळ्या लाटल्या. पोळी आत जात होती, भाजीही जात होती. वांगं मात्र चिरूनच द्यावं लागलं. वाडीतली माणसं येऊन वाकून भेटून गेली. सरपंचांनी विचारलं, "अडचण होत नाही ना?" भाऊजी म्हणाले, "मसूरला आठ बाय दहाची खोली होती. पण ती दुसऱ्याची."

बाजाराच्या दिवशी क्रेट चढवले. रामदास नेहमीसारखा बायकोशेजारी बसला. ओढा आला तशी उज्ज्वलाने गाडी हळू घातली. टायर कुठेच घासले नाहीत. खालून "वा!" असं ऐकू आलं. रामदासच्या ओठांवर हसू आलं, ते त्याने खिडकीबाहेर नेलं.

घाटाच्या उतारावर खालून पत्रा जोरात वाजला.

"उज्ज्वला, थांब! मागचा डावा बोल्ट फिरतोय. मी धरलाय, पण लवकर!"

समोर वळण होतं आणि वळणापुढे दरी. तिने गाडी डोंगराच्या कडेला घेतली. रामदास उडी मारून मागे धावला. बोल्टाचा नट पार टोकाला आला होता. भाऊजींनी बोल्ट मुठीत गच्च पकडला होता आणि बोटं पांढरी पडली होती.

रामदास पाना लावून आवळायला लागला.

"दादा, हात काढ," तो म्हणाला.

"आधी तू आवळ."

"आवळलाय रे. काढ आता."

भाऊजींनी हात काढला. रामदासने तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. उज्ज्वला पुढे बसून आरशात बघत होती. तिने इंजिन बंद केलं आणि कुणालाही घाई केली नाही.

"घरात चल, दादा," रामदास शेवटी म्हणाला. "पुढची खोली देतो."

भाऊजींनी आत जरा कूस बदलली. "नको. इथं वारा चांगला लागतो. आणि तुमच्याबरोबर बाजारही होतो."

"बरं. मग गोधडी टाकतो खाली."

"पातळ बघून टाक."

वाईच्या अलीकडे नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. उज्ज्वलाने काच खाली केली.

"माणसं किती?"

"तीन. दोघं वर, एक मध्ये."

पोलीस गाडीच्या कडेने चालत गेला, वाकला, आणि उभा राहून त्याने टोपी नीट केली.

"मधल्यांना सांगा, कोपर आत घ्या," तो म्हणाला आणि त्याने हात दाखवून गाडी सोडली.